घरच्या कॉम्प्युटरसाठी स्वस्तातली हार्ड डिस्क: भरवसा कशावर ठेवायचा

प्रश्न मुलुंडहून आला आहे. थोडक्यात असा: "घरचा असेंबल्ड कॉम्प्युटर सात वर्षांचा आहे. त्यात घरातले सगळे फोटो आणि वडिलांच्या हौशी नाटकांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली रेकॉर्डिंग आहेत. हल्ली एखादा फोल्डर उघडताना अर्धा मिनिट सगळं अडकतं आणि आतून टिकटिक ऐकू येते. नवी डिस्क घ्यायची आहे, पण बजेट कमी आहे. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात नवी १ टीबी दाखवली, दुसऱ्याने निम्म्या किमतीत 'रिफर्बिश्ड' २ टीबी देतो म्हणून सांगितलं. स्वस्तातली डिस्क किती भरवशाची असते? कुठल्या कंपनीची घेऊ?"

तुम्ही विचारलंय नव्या डिस्कबद्दल, पण मला काळजी वाटली ती जुन्या डिस्कबद्दलच्या त्या एका वाक्याची. फोल्डर उघडताना अडकणं आणि टिकटिक ही दोन लक्षणं एकत्र आली की बहुतेक वेळा डिस्कवरचा काही भाग वाचता येत नसतो. डिस्क वाचणारा आतला बारीक भाग, म्हणजे हेड, तिथे जातं, वाचू शकत नाही, मागे येतं, परत जातं. तुम्हाला दिसतो तो अर्धा मिनिट म्हणजे या येरझाऱ्या. तेव्हा नवी डिस्क कोणती हा विषय दोन दिवस थांबू द्या, आधी जुनीतलं बाहेर काढा.

कोणाकडून तरी एक एक्स्टर्नल डिस्क उसनी आणा. सगळ्यात आधी वडिलांची रेकॉर्डिंग कॉपी करा, मग फोटो, मग कागदपत्रं. सिनेमे शेवटी, राहिले तरी चालतील. सगळं एकदम सिलेक्ट करून ओढू नका. एकेक फोल्डर घ्या, जो अडकेल तो सोडून पुढे जा, अडकलेल्यांकडे सगळ्यात शेवटी वळा. आणि शेजारचा कोणी म्हणाला की "चेकडिस्क मारा, बॅड सेक्टर (म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा) निघून जातील", तर कृपा करून ऐकू नका. चेकडिस्क हा विंडोजमधला प्रोग्राम डिस्क सुरळीत करायला बसतो, तुमच्या फाइली वाचवायला नाही. आजारी डिस्कला तो तासन् तास राबवतो, आणि मी त्या राबण्यात डिस्का संपताना पाहिल्या आहेत. टिकटिक वाढून ठराविक तालात खटखट होऊ लागली तर कॉम्प्युटर बंद करा आणि डिस्क जाणकाराकडे न्या. जाताना एवढंच विचारा, "डीडीरेस्क्यूने क्लोन करणार ना?" क्लोन म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत. हा प्रोग्राम आधी चांगला भाग उचलतो, खराब जागांची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो आणि त्यांच्याकडे मागून वळतो. ज्याला हे नाव माहीत नाही त्याच्या हातात ही डिस्क देऊ नका.

आता तुमचा मूळ प्रश्न.

स्वस्त डिस्क भरवशाची असते का? नवी असेल तर होय, महागडीच्या जवळपास तेवढीच. पण "भरवशाची" या शब्दाचा अर्थ आपण चुकीचा धरतो. आपल्याला वाटतं, चांगली डिस्क म्हणजे न जाणारी डिस्क. तशी डिस्क अजून कोणी बनवलेली नाही.

अमेरिकेतली बॅकब्लेझ ही कंपनी लोकांचा बॅकअप ठेवते. तिच्याकडे लाखो डिस्का अखंड चालतात आणि किती गेल्या याचे आकडे ती २०१३ पासून जाहीर करते. सगळ्या मॉडेलांचं मिळून वर्षाला साधारण दीड टक्का असं ते प्रमाण अलीकडे राहिलं आहे. तिथे एसी, स्थिर वीज आणि न हलणारे रॅक असतात, आपल्या घरात यातलं काहीच नसतं, तरी अंदाजासाठी आकडा उपयोगी आहे. तुमच्या सोसायटीत समजा २८ घरं आहेत आणि प्रत्येकाने आज एकाच कंपनीची नवी डिस्क घेतली. वर्षाला दीड टक्का धरला तर पाच वर्षांत साधारण दोन घरांतली डिस्क जाईल. उरलेली २६ घरं म्हणतील, "डोळे झाकून घ्या, कंपनी एक नंबर." ती दोन घरं म्हणतील, "चुकूनही घेऊ नका." दोघंही खरंच बोलत असतील. कंपनीबद्दल दहा जणांना विचारलं की दहा उत्तरं मिळतात ती यामुळे.

खोक्यावर किंवा माहितीपत्रकात कधी कधी "१० लाख तास" असा आकडा दिसतो. डिस्क सरासरी किती तासांनी बिघडेल याचा तो कंपनीचा हिशोब. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली मोठ्या संगणक केंद्रांतल्या डिस्का मोजल्या. कागदावरच्या हिशोबाने वर्षाला एक टक्काही जायला नको होत्या, प्रत्यक्षात बदलाव्या लागल्या त्या साधारण २ ते ४ टक्के. त्यामुळे या आकड्याकडे बघून पैसे देऊ नका.

कंपन्या तरी आता किती उरल्यात? सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदा सीगेटने घेतला, हिताचीचा वेस्टर्न डिजिटलने. आज सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच. तिघांच्याही मालात चांगली आणि वाईट मॉडेलं झाली आहेत. मी गेली बावीस वर्षं ग्रँट रोडजवळ दुरुस्तीच्या टेबलावर बसतो, आणि तिघांच्याही डिस्का माझ्याकडे मेलेल्या आल्यात. जिच्या वॉरंटीचं केंद्र तुम्हाला जवळ पडेल ती घ्या. यापेक्षा जास्त विचार कंपनीवर घालवू नका.

तो विचार खर्च करायचा असेल तर पुढच्या गोष्टीवर करा. स्वस्त घरगुती डिस्क आणि महाग डिस्क यांतला खरा फरक "किती कामासाठी बनवली" यात असतो. सीगेटच्या बाराकुडा या साध्या घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: वर्षाला २४०० तास, आणि वर्षभरात ५५ टीबी एवढी वाचन-लेखनाची मर्यादा. २४०० तास म्हणजे रोज साडेसहा तास. घरच्या कॉम्प्युटरला हे भरपूर झालं. पण तीच डिस्क कोणी सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमध्ये बसवून रात्रंदिवस चालवली, आणि दोन वर्षांत गेली म्हणून कंपनीला बोल लावला, तर तो अन्याय आहे.

दुसरा फरक कोणी सांगत नाही, आणि त्यापायी चांगल्या डिस्कांचीही बदनामी होते. आजच्या बऱ्याच स्वस्त २ टीबी आणि त्यापुढच्या डिस्कांत एसएमआर नावाची पद्धत असते. गावाकडचं कौलारू छप्पर आठवा. एक कौल दुसऱ्यावर थोडं चढलेलं असतं. तसेच इथे डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची कौलं उचलावी लागतात. फोटो, गाणी, व्हिडिओ असा एकदा भरून ठेवायचा माल असेल तर काही बिघडत नाही. विंडोज मात्र सतत बारीकसारीक लिहीत असतं. अशा डिस्कवर विंडोज टाकलं की टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते, माऊस अडखळतो, माणूस वैतागून बटण दाबून कॉम्प्युटर बंद करतो, आणि मग फाइल सिस्टिम खरोखरच बिघडते. खोक्यावर हे छापलेलं क्वचितच असतं. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या रेड डिस्कांच्या काही मॉडेलांत ही पद्धत न सांगता वापरल्याचं उघड झालं, तेव्हा जगभर ओरड झाली आणि कंपन्यांनी मॉडेलवार याद्या जाहीर केल्या. मॉडेल नंबर त्या यादीत बघून घ्या. साध्या १ टीबीत अजूनही जुन्या पद्धतीची, म्हणजे सीएमआर डिस्क मिळते. सीगेटची एसटी१०००डीएम०१० किंवा वेस्टर्न डिजिटलची डब्ल्यूडी१०ईझेडईएक्स ही तशी मॉडेलं. विंडोजसाठी छोटी एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि सामानासाठी हार्ड डिस्क अशी विभागणी केलीत तर हा प्रश्नच मिटतो.

निम्म्या किमतीतली 'रिफर्बिश्ड' घेऊ नका, हे स्पष्टच सांगतो. आपल्या बाजारात या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. कंपनीने स्वतः तपासून, नवं लेबल लावून दिलेली डिस्क हा एक प्रकार, तो कमी सापडतो. दुसरा प्रकार ऑफिसच्या जुन्या मशीनमधून किंवा डीव्हीआरमधून काढलेली, पुसून चकचकीत केलेली. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: जिच्या आतल्या नोंदीच शून्य केल्यात. हे काही आपल्याच बाजारातलं खूळ नाही. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हजारो तास चाललेल्या सीगेटच्या सर्व्हर डिस्का नव्या म्हणून विकल्या गेल्याचं बाहेर आलं. त्यांचे चाललेले तास शून्यावर आणलेले होते. पकडलं गेलं ते एका दुसऱ्या नोंदीमुळे. सीगेटच्या डिस्कांत फार्म नावाची वेगळी नोंदवही असते, तिच्यात खरे तास तसेच राहिले होते. डिस्कच्या आतल्या नोंदी दाखवणाऱ्या स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत ती वाचता येते.

दुकानात उभं राहूनही बरंच कळतं. डिस्क हातात घ्या, मोबाईलचा टॉर्च लावा आणि कडेची स्क्रूची भोकं बघा. कधीच न बसवलेल्या डिस्कच्या भोकांचे आटे एकसारखे मॅट दिसतात. एकदा स्क्रू फिरला की कडेला गोल चकचकीत ओरखडा उमटतो, तो पुसता येत नाही. मग साटाच्या, म्हणजे डिस्कला केबल जोडतात त्या जागेच्या, सोनेरी पट्ट्या बघा, केबल लावून काढली असेल तर प्रत्येक पट्टीवर केसासारखी उभी रेघ असते. वरचं लेबल कोपऱ्यातून उचललेलं नाही ना हे नखाने चाचपा. त्यानंतर कंपनीच्या वेबसाइटवर सीरियल नंबर टाका. वॉरंटी भारतात लागू आहे असं आणि शिल्लक तारीख दिसली पाहिजे. "विक्रेत्याशी संपर्क साधा" असं आलं तर ती डिस्क कुठल्या तरी मशीनसोबत पुरवलेली किंवा बाहेरून आलेली आहे, आणि तुमची वॉरंटी म्हणजे त्या दुकानदाराचा शब्द. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. बिल नको तर थोडे कमी करतो असं सांगितलं तर जास्त देऊन बिल घ्या.

डिस्क घरी आली की लगेच भरायला घेऊ नका. बनावटीत दोष असलेली डिस्क बहुतेकदा सुरुवातीच्या महिन्यांतच कुरकुरते. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'क्विक'ची खूण काढा. मग विंडोज डिस्कचा कोपरा न् कोपरा लिहून बघतं. १ टीबीला दोन-अडीच तास लागतात, लागू द्या. फॉरमॅटच्या आधी आणि नंतर डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम उघडून फोटो काढून ठेवा. त्यात हे बघायचं: ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून टाकलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. नव्या डिस्कवर तिन्ही शून्य हवेत. फॉरमॅटनंतर एक जरी आकडा हलला तरी डिस्क परत करा. हा प्रोग्राम हे आकडे सुरुवातीला संगणकी पद्धतीने दाखवतो, तिथे १० दिसलं तर त्याचा अर्थ १६ असतो. सेटिंगमध्ये जाऊन दशमान निवडा, नाहीतर घोळ होतो. सी७ वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देऊ नका, ती केबलची तक्रार असते. साटा केबल बदला.

सी५ बद्दल एक घडलेली गोष्ट सांगतो. गिरगावातल्या एका गणेशोत्सव मंडळाचे चिटणीस एप्रिलमध्ये कॉम्प्युटर स्लो चालतो म्हणून घेऊन आले. डिस्क साधी, २ टीबीची. तिच्यात अकरा वर्षांच्या मिरवणुकांचे व्हिडिओ, वर्गणीचे हिशोब, देखाव्यांचे आराखडे. सी५ वर ८ दिसत होतं. मी म्हटलं, "आजच दुसऱ्या डिस्कवर घेऊ या." ते म्हणाले, "यंदा खर्च फार आहे, गणपती झाले की बघू." ऑगस्टमध्ये मंडप उभा राहत असताना फोन आला, डिस्क दिसतच नाही. टेबलावर लावली तर फिरायला सुरुवात व्हायची, तीन वेळा खट्, आणि गप्प. प्रयोगशाळेत हेड बदलूनही निम्म्याहून थोडंच हाती आलं, आणि खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट झाला. मी त्या दिवशी जास्त जोर लावायला हवा होता असं मला आजही वाटतं. म्हणून तुम्हाला एवढ्या जोरात सांगतो आहे.

गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या १ लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: गेलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी आधी कसलीच खूण दाखवली नव्हती. तापमान सोडलं तर सगळे आकडे शून्य, आणि तरी डिस्क गेली. म्हणून आकडे वाईट दिसले तर ताबडतोब हला, पण चांगले दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका.

मुंबईत डिस्का मारणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. गरमीला आपण वाजवीपेक्षा जास्त घाबरतो, गूगलच्या त्याच अभ्यासात मध्यम तापमानाचा फारसा परिणाम दिसला नव्हता. खरा शत्रू असतो स्वस्तातला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा. डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि फिरायला सुरुवात करताना जास्त करंट ओढते. सात वर्षं जुना, स्थानिक बनावटीचा '४५० वॅट' त्या क्षणी कोसळतो, मोटर मंदावते, हेड मागे जातं, परत प्रयत्न. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं डिस्क गेली. तुमचा कॉम्प्युटर सात वर्षांचा आहे, म्हणून टेबलावर नेलात की डिस्कआधी एसएमपीएसचे व्होल्ट मोजायला सांगा. तो सुस्त निघाला तर नवी डिस्क त्याच्यावर लावू नका. जुन्या चाळी आणि इमारतींत अर्थिंगही बघून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

पावसाळ्याचं म्हणाल तर, साध्या डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं आणि बाजूला "हे झाकू नका" असं लिहिलेलं असतं. आतल्या आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं. साध्या दमटपणाला आतला फिल्टर पुरतो, साचलेल्या पाण्याला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, त्यानंतरचे दोन महिने माझ्या टेबलावर चिखलाने भरलेल्या डिस्काच होत्या. ज्यांनी त्या उन्हात वाळवून चालू करून बघितल्या त्यांच्या प्लॅटरवर, म्हणजे डेटा असतो त्या आतल्या चकत्यांवर, गाळ घासला गेला. तळमजल्यावर राहत असाल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. डिस्क बुडलीच तर चालू करू नका, वाळवूही नका. ओली असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून घेऊन या. आणि बिघडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना सल्ला आपल्या हवेत तर अजिबात नको, बाहेर काढताक्षणी तिला दव सुटतं.

बजेट कमी आहे म्हणालात, म्हणून हिशोब असा मांडतो. महागड्या एका डिस्कच्या पैशात दोन साध्या १ टीबी घ्या. वर्षाला दीड टक्का धरला तर एका वर्षात दोन्ही जाण्याची शक्यता साडेचार हजारांत एकाच्या आसपास येते. कुठलीच महाग डिस्क एकटीने हे देऊ शकत नाही. पण हे गणित दोन्ही डिस्का खरोखर वेगळ्या राहिल्या तरच खरं. एकाच कॅबिनेटमध्ये, एकाच एसएमपीएसवर लावल्या तर एक झटका दोघींना नेईल. एकाच लॉटच्या असल्या तर दोषही एकच असू शकतो. म्हणून एक आजच्या दुकानातून, दुसरी वेगळ्या कंपनीची, वेगळ्या दुकानातून. दुसरी साध्या यूएसबी केसमध्ये घाला, कॉपी झाली की काढून ठेवा. तयार पोर्टेबल डिस्कही चालेल, पण त्यांतल्या काहींत यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डवरच असतं. ते सैल झालं की आतून साटा केबल लावून वाचण्याची सोय राहत नाही.

वॉरंटीचं एकच वाक्य: ती डिस्क बदलून देते, आतला डेटा नाही.

वडिलांच्या रेकॉर्डिंगची तिसरी प्रत घराबाहेर ठेवा. आवाजाच्या फाइली लहान असतात, सगळ्या नाटकांच्या मिळून एका पेन ड्राइव्हवर मावतील. ठाण्याला किंवा डोंबिवलीला बहीण-भाऊ असतील तर त्यांच्या कपाटात ठेवा, आणि दर दिवाळीला गेलात की तिथल्या कॉम्प्युटरला लावून दोन-तीन फाइली शेवटपर्यंत ऐका. मूळ कॅसेटी असतील तर त्याही टाकू नका.

आज रात्री जुन्या डिस्कवर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींचा फोटो मला पाठवा. सी५ शून्य असेल आणि सी७ मोठा असेल तर कदाचित नुसती केबल बदलून भागेल. सी५ वर आकडा असेल तर कॉपी पूर्ण होईपर्यंत तो कॉम्प्युटर दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरू नका.